पालेर्मोची नॉर्मन फेरी: शेवटचा थांबा गाळलेला

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधी. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातली अर्ध्या दिवसाची 'अरब-नॉर्मन' पायी सहल (नॉर्मन म्हणजे उत्तर फ्रान्सहून येऊन इथे राज्य केलेले): पाचपैकी साडेतीन. तिथून डोंगरातल्या कल्ताबेल्लोत्ता गावाला गाडी-ड्रायव्हरसकट दिवसभराची सहल: पाचपैकी पाच. पहिल्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत. दुसरा एकटा माणूस आहे, स्वतःची गाडी स्वतः चालवतो, आणि त्याचं नाव चारचौघांत टाकायला मी त्याला विचारलेलं नाही. तसंही पालेर्मोत अशा सहली विकणारे गल्लोगल्ली आहेत. नावापेक्षा काय विचारून घ्यायचं ते कामाचं.

माझी नोकरी एसटीत झाली, शेवटची वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी किती वाजता सुटणार म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात किती वाजता हलली, याची नोंद माझ्या डोक्यात अजून आपोआप होते. मुलगा-सून स्टुटगार्टला असतात. त्यांच्या पूर्वेला होहेनश्टाउफेन नावाचा डोंगर आहे. नातवाच्या शाळेची सहल तिथे गेली होती आणि तेव्हापासून घरात 'आमचा बार्बारोसा, आमचा फ्रेडरिक' चालू होतं, म्हणजे तिथले जुने जर्मन बादशहा. त्या डोंगरावरच्या घराण्याला थेट सिसिलीचं राज्य कसं मिळालं, म्हणून मी वाचायला घेतलं, आणि त्यात एक पोरगा सापडला. सिसिलीचा तिसरा विल्यम. ११९४ च्या फेब्रुवारीत गादीवर आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कैदी झाला. सगळं राज्य दहा महिन्यांचं. सिसिलीला जायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांना समुद्र हवा होता, मला हा पोरगा.

पायी सहलीच्या जाहिरातीत 'नॉर्मन राजांचा उदय आणि अस्त' असं लिहिलं होतं. उदय भरपूर दाखवला. अस्त राहिला. माझी मुख्य तक्रार हीच.

बारीकसारीक तक्रारीही सांगून टाकतो. सुटायची वेळ साडेनऊ, नॉर्मन राजवाड्याच्या फाटकापाशी. हललो दहाला पाच कमी असताना. 'जास्तीत जास्त बारा माणसं' असं लिहिलेलं, मोजली तर एकवीस. कानात घालायच्या यंत्रांपैकी आमच्या हिच्या यंत्राची बॅटरी पहिल्या दालनातच गेली, बदलून काही मिळालं नाही. माणशी ४८ युरोत राजवाड्याचं तिकीट धरलेलंच नव्हतं, आणि ही गोष्ट पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. आमच्याकडे असं झालं असतं तर तक्रारवहीची पानं पुरली नसती.

गाइडबाई मात्र चांगल्या. विषय पक्का, इंग्रजी स्वच्छ, आणि घाई करणाऱ्या मंडळींना गोड बोलून थांबवून धरायची कला अवगत. साडेतीनातले अडीच त्यांचे.

राजवाड्यात शिरण्याआधी एक सूचना. ही इमारत आजही सरकारी कामाची आहे; सिसिलीची प्रादेशिक विधानसभा इथेच भरते. सभा असेल त्या दिवशी वरच्या मजल्यावरची राजाची दालनं बंद असतात. आम्हाला ती उघडी मिळाली, म्हणून दुसऱ्या रॉजरच्या, म्हणजे इथल्या पहिल्या नॉर्मन राजाच्या, नावाची खोली बघता आली. भिंतींच्या वरच्या भागात सोन्याच्या पार्श्वभूमीवर चित्ते, मोर, खजुराची झाडं, अर्धा घोडा अर्धा माणूस असले तिरंदाज, सगळं काचेच्या तुकड्यांनी जडवलेलं. एकही संत नाही, देवदूत नाही. राजाला आराम करताना काय बघायला आवडत होतं ते कळतं.

खरा ऐवज खाली आहे. काप्पेल्ला पालातिना, म्हणजे राजवाड्यातलं खासगी प्रार्थनामंदिर. दुसऱ्या रॉजरने ११३० च्या नाताळच्या दिवशी पालेर्मोत राज्याभिषेक करून घेतला आणि थोड्याच दिवसांत हे काम काढलं. भिंतींवर बायझंटाइन पद्धतीचं सोनेरी जडावकाम, ग्रीक अक्षरांसकट. वर बघावं तर लाकडी छत मुसलमान कारागिरांचं, लहान-लहान कोनाड्यांचे थर एकाखाली एक उतरवलेले, आणि प्रत्येक कोनाड्यात चित्र. गाइडबाईंनी छोटी दुर्बीण फिरवली. त्यातून मला दिसलं ते असं: मांडी घालून बसलेला, हातात प्याला धरलेला एक पगडीवाला, आणि त्याच्या शेजारी वीणेसारखं काही वाजवणारा दुसरा. प्रार्थना चाललीय खाली आणि मैफल चाललीय वर. दुर्बिणीसाठी रांग होती आणि माझ्या मागचे जर्मन गृहस्थ खाकरायला लागले, नाहीतर मी ती दिली नसती.

बाहेरच्या भिंतीत एक संगमरवरी दगड आहे. सगळा जथा त्याच्यावरून पुढे निघून गेला, गाइडबाईसुद्धा. ११४२ साली रॉजरने पाण्यावर चालणारं घड्याळ करवून घेतलं, त्याचा हा लेख, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत. ज्याची हयात वेळेच्या नोंदी करण्यात गेली त्याने इथे थांबायचं नाही तर कुठे थांबायचं? घड्याळ गेलं, लेख राहिला. राज्य चालवायला तीन भाषा लागत होत्या हे त्या एका दगडावर जेवढं स्वच्छ दिसतं, तेवढं कुठल्याच दालनात नाही. तुम्ही गेलात तर गाइडला ओढून आणा.

आता सिंहासन. मंदिराच्या पश्चिमेच्या टोकाला, वेदीच्या बरोबर समोर, पायऱ्या चढून जायचा एक चौथरा आहे. वर भिंतीवर ख्रिस्त, एका बाजूला पीटर, दुसऱ्या बाजूला पॉल. त्याच्या खाली राजा बसायचा. आसन आज नाही, जागा आहे, आणि दोरी बांधलेली आहे. मी विचारलं, "इथे नॉर्मनांपैकी सगळ्यात शेवटी कोण बसलं?" बाई म्हणाल्या, "भला विल्यम. मग फ्रेडरिक आला." मी म्हटलं, विल्यम ११८९ ला वारला, फ्रेडरिकचा राज्याभिषेक ११९८ चा, मधली नऊ वर्षं गादी काय रिकामी होती? त्या हसल्या. "तीन तासांत एवढंच बसतं," म्हणाल्या.

एवढंच बसतं हे मान्य. पण जे गाळलं तीच या राज्याची सगळ्यात थरारक गोष्ट आहे, आणि ती सांगायला दहा मिनिटं लागतात. इथे सांगतो, म्हणजे तुमचं काम होईल.

भला विल्यम, म्हणजे दुसरा, निपुत्रिक गेला. वारस त्याची आत्या कॉन्स्टन्स, दुसऱ्या रॉजरची मुलगी. पण ती दिलेली होती बार्बारोसाच्या मुलाला, सहाव्या हेन्रीला, आणि जर्मन राजा सिसिलीतल्या बऱ्याच सरदारांना नको होता. त्यांनी लेच्चेच्या तांक्रेदला बसवलं. तोही रॉजरचाच नातू, फक्त अनौरस. हेन्रीच्या पदरच्या कवीने त्याला माकड म्हणून हिणवलं, आणि ती चित्रांची पोथी आज स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जपून ठेवलेली आहे. माकडाचं वागणं मात्र बघा. ११९१ मध्ये ही कॉन्स्टन्सच सालेर्नोत त्याच्या लोकांच्या हाती लागली. त्याने तिला मानाने ठेवलं आणि पोपच्या शब्दाखातर सोडून दिलं. तिला धरून ठेवलं असतं तर पुढचं रामायण झालं असतं की नाही, हा विचार मी आजही करतो.

११९३ च्या डिसेंबरात तांक्रेदचा थोरला मुलगा गेला. २० फेब्रुवारी ११९४ ला तांक्रेद स्वतः गेला. मागे बायको सिबिला, तीन मुली आणि धाकटा विल्यम. त्याचं वय कोणी चार सांगतं, कोणी आठ-नऊ. त्याला राजा केलं आणि कारभार सिबिलाने हातात घेतला. आणि नेमक्या त्याच महिन्याच्या सुरुवातीला, ४ तारखेला, इंग्लंडचा राजा रिचर्ड हेन्रीच्या कैदेतून सुटला होता. धर्मयुद्धाहून परतताना तो धरला गेला होता आणि खंडणी ठरली होती दीड लाख मार्क चांदी. म्हणजे इकडे राजा मेला आणि तिकडे हेन्रीच्या हातात लढाईचा पैसा खुळखुळत आला. शिवाय जेनोवा आणि पिसाची गलबतं भाड्याने नव्हे, आश्वासनांवर मिळाली. नेपल्सने ऑगस्टमध्ये दार उघडलं. सालेर्नोने तीन वर्षांपूर्वी कॉन्स्टन्सला पकडून दिलं होतं, ते सप्टेंबरात लुटलं. २० नोव्हेंबरला हेन्री पालेर्मोत.

सिबिला मुलाला घेऊन कल्ताबेल्लोत्ताच्या गडावर गेली. तो गड लढून घेणं सोपं नव्हतं, म्हणून हेन्रीने बोलणी केली. मुलाने मुकुट सोडायचा, बदल्यात बापाची लेच्चेची जहागीर आणि शिवाय तारान्तोची. सिबिलाने मान्य केलं. नाताळच्या दिवशी पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये हेन्रीचा राज्याभिषेक झाला, आणि त्याला ही मायलेकरं हजर होती. चार दिवसांनी कट सापडला म्हणून सगळ्यांना अटक. कट खरा होता की अटकेसाठी रचला, यावर आजही वाद आहे. माझं मत विचाराल तर चार दिवसांत सापडणारा कट ज्याला हवा असतो त्यालाच सापडतो. आणि या चार दिवसांतच, २६ डिसेंबरला, इटलीत येसी गावी चाळिशीच्या कॉन्स्टन्सला मुलगा झाला. तोच नातवाचा 'आमचा फ्रेडरिक'.

गडावर अडकलेली विधवा आई, अजाण राजा, समोर बादशहाचा शब्द. साताऱ्याच्या माणसाला येसूबाई आणि शाहूराजे आठवणारच. शाहूराजे १६८९ ला रायगड पडल्यावर धरले गेले, पण १७०७ ला परत आले, गादीवर बसले. विल्यम परत आला नाही. त्याला आल्प्सपलीकडे नेलं, आजच्या ऑस्ट्रियातल्या होहेनेम्सच्या किल्ल्यात ठेवलं. डोळे काढले आणि खच्ची केलं असं काही बखरी सांगतात. काही म्हणतात साधू झाला. ११९८ च्या सुमारास त्याचं नाव कागदांतून संपतं. आई आणि बहिणी आल्सासमधल्या मठात होत्या, त्या हेन्री मेल्यावर सुटल्या. गंमत अशी की थोरल्या बहिणीचा नवरा, ब्रिएनचा वॉल्टर, पुढे पोपकडे जाऊन तीच लेच्चे आणि तारान्तो मागायला लागला. हेन्रीने दिलेलं आणि मोडलेलं वचन हुंड्यासारखं त्याच्याकडे आलं होतं.

हे सगळं मी गाइडबाईंना कॅथेड्रलकडे चालता-चालता सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी सहल तुम्हीच घ्या.

कॅथेड्रलमध्ये लाल-जांभळट पोर्फिरी दगडाच्या शवपेट्या आहेत. रॉजरने अशा दोन ११४५ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी चेफालूच्या चर्चमध्ये ठेवल्या होत्या, फ्रेडरिकने १२१५ मध्ये उचलून इथे आणल्या. आज रॉजर, कॉन्स्टन्स, हेन्री आणि फ्रेडरिक एकाच कोपऱ्यात आहेत. फ्रेडरिकच्या पेटीवर कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. हेन्रीच्या पेटीवर काही नव्हतं. तांक्रेदही इथे नाही. त्याला आणि थोरल्या मुलाला जिथे पुरलं ते माजोने नावाचं चर्च पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे, आणि हेन्रीने तिथली थडगी उघडायला लावली असं सांगतात. साधं, देखणं, रिकामं चर्च. सहलीत नाही. आम्ही नंतर आमचं आम्ही गेलो, आत आम्ही आणि एक झाडू मारणारे काका, बस्स.

सहलीत 'स्थानिक चवीचा थांबा' होता, बल्लारो बाजारात. पानेल्ले मिळाले: चण्याचं पीठ शिजवून थापायचं, वड्या पाडायच्या, तळून पावात घालायच्या, वरून लिंबू. हिने एक घास घेतला आणि म्हणाली, "अहो, ही तर तळलेली पाटवडी." लसूण-मिरची नाही एवढाच काय तो कमीपणा. शाकाहारी मंडळींनी निर्धास्त खावं, पण त्याच तेलात आणखी काय तळतात ते बघून. शेजारच्या कढईत वासराची प्लीहा परतत होती, सूनबाई तिथून जी पळाली ती चौकात जाऊन थांबली.

आता दुसरी सहल. कल्ताबेल्लोत्ता पालेर्मोहून दक्षिणेला, शाक्काच्या वरच्या डोंगरात, समुद्रापासून साधारण साडेनऊशे मीटर उंच. सार्वजनिक बसने एका दिवसात जाऊन येणं मला वेळापत्रकात काही बसेना, आणि मी वेळापत्रकं बसवण्यातच आयुष्य काढलंय. म्हणून गाडी केली. ठरलेले आठ, आठला पाच कमी असताना तो हॉटेलच्या दारात, काच पुसत. शाक्कापर्यंत रस्ता चांगला, पुढे घाट. ड्रायव्हर घाटातच कळतो. आंधळ्या वळणाला हॉर्न, उतारावर गिअरवर गाडी, ब्रेकवर नाही, फोन वाजला तरी हात गेला नाही. इंग्रजी त्याला कामापुरतं. पण गड दिसायला लागल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, बोट दाखवलं आणि म्हणाला, "सिबिला." पायी सहलीत तीन तासांत जे नाव आलं नाही ते इथे आपणहून आलं. गावात सगळे त्या गडाला सिबिला राणीचाच किल्ला म्हणतात.

किल्ला म्हणून बघायला गेलात तर निराशा होईल. गावाच्या डोक्यावर सुळका, त्याच्या पायथ्याशी जुनं चर्च, आणि कातळात कोरलेल्या पायऱ्या. वर एक टोकदार कमानीचं दार उभं आहे, थोडी भिंत आहे, बाकी खडक आणि वारा. पायऱ्या झिजलेल्या, मधल्या भागात घसरड्या; गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी चर्चपाशीच थांबावं, तिथूनही देखावा कमी नाही. वरून खाली दक्षिणेला समुद्र, मध्ये जैतुनाच्या बागा, आणि रिबेराच्या बाजूला संत्र्यांची हिरवी पट्टी. उत्तरेकडे बघितलं की एकामागे एक डोंगर. इथे बसून पालेर्मोहून कोण येतंय ते अर्धा दिवस आधी कळत असणार. एवढी जागा हातात असताना ती उतरली, कारण पोराच्या नावावर दोन जहागिरी लिहून मिळत होत्या. कोणीही उतरलं असतं.

ड्रायव्हर खाली थांबला होता. आम्ही ठरल्यापेक्षा तासभर उशिरा उतरलो, त्याने ना घड्याळ दाखवलं ना जादा पैसे मागितले. परतताना शाक्काला मातीची रंगीत भांडी करणाऱ्यांच्या गल्लीत पाऊण तास थांबवलं, पण कुठल्याही दुकानात ढकललं नाही. जगभरच्या सहलीवाल्यांची दुकानाशी असलेली सोयरीक माहीत असल्यामुळे हे खास नमूद करतो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. राजवाड्याचं तिकीट स्वतः आधी काढा आणि वरची दालनं त्या दिवशी उघडी आहेत का ते बघा. पायी सहल घ्यायची असेल तर सकाळचीच घ्या, दुपारी प्रार्थनामंदिरात गर्दीने छताकडे मान वळवायलाही जागा राहत नाही. कल्ताबेल्लोत्ताला पाणी आणि टोपी गावातूनच घेऊन चढा, आणि जेवणाची वेळ टळू देऊ नका, दुपारी सगळं बंद होतं. ज्यांना लुटीचा माल बघायचा आहे त्यांनी मात्र व्हिएन्नाला जावं. हेन्रीने पालेर्मोचा खजिना दीडशेच्या वर खेचरांवर लादून नेला असं सांगतात. रॉजरचा लाल रेशमी झगा, उंटावर झेप घेतलेले दोन सिंह आणि काठाला अरबी अक्षरं असलेला, तिथल्या हॉफबुर्ग राजवाड्याच्या खजिन्यात आहे.

आणि बुकिंग करण्याआधी कंपनीला एक ओळ लिहून विचारा: तांक्रेदला कुठे पुरलं होतं, आणि तिथे नेणार का? 'माजोने, हो' असं उत्तर आलं तर पैसे भरा. 'आमच्या सहलीत तेरा आकर्षणं आहेत' असं आलं तर दुसरीकडे बघा.